चिलमीचं ओलं फडकं, आणि विडी ओढायची की प्यायची?

विचारलंय की चिलमीच्या खालच्या तोंडाला जे ओलं फडकं गुंडाळतात त्याला मराठीत काय म्हणतात, आणि ‘विडी पिणे’ चूक आहे का.

त्या फडक्याला छापी म्हणतात. हिंदीत साफी, आणि हल्ली आपल्याकडेही बरेच जण साफीच लिहितात, पण छापी हा आपला रुळलेला शब्द आहे, तो वापरा ना. मातीची चिलीम वर रुंद, खाली निमुळती, आत आधी एक खडा टाकायचा म्हणजे तंबाखू खाली घसरत नाही पण धुराला बाजूने वाट राहते, मग तंबाखू, वर विस्तव. छापी भिजवून, पिळून खाली गुंडाळायची, चिलीम मुठीत उभी धरायची आणि तोंड मुठीला लावून धूर ओढायचा. राखेचे कण छापीत अडकतात, धूर जरा गार होतो, आणि ओठ चिलमीला लागत नाहीत म्हणून एकच चिलीम चौघांत फिरते. हुक्क्याच्या वरच्या तंबाखू-विस्तवाच्या भांड्यालाही चिलीमच म्हणतात बरं का, गुडगुडी हे नाव मात्र पाण्याच्या आवाजावरून.

आता क्रियापद. सर्रास आपण ओढतोच म्हणतो, विदर्भ-मराठवाड्यात ‘बिडी पिणे’ही ऐकू येतं आणि लोक लगेच ते हिंदीतून आलं म्हणून मोडीत काढतात. मला हे पटत नाही. तंबाखू आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणला, अकबराच्या दरबारात तो त्याचा दूत असद बेगने विजापुराहून नेला तो १६०४च्या आसपास, पण चरकसंहितेत त्याच्या कितीतरी आधी औषधी धूमपान आहे, वाटलेल्या औषधांची वर्ती म्हणजे कांडी करायची, तूप लावून पेटवायची आणि धूमनेत्र नावाच्या नळीतून धूर घ्यायचा. म्हणजे धूर ‘पिणं’ संस्कृतातच आहे, त्याला चूक कसं म्हणणार? आणि ‘ओढणे’ला फारसीत जोड सापडते, तिथे सिगरेटला ‘कशीदन’ लावतात, म्हणजे ओढणंच. हिंदीतला कश त्यातलाच, आणि आपला दोरा ओढून काढलेला कशिदासुद्धा!

‘फुंकणे’ जरा जपून वापरा, ‘दिवसभर विड्या फुंकत बसतो’ यात राग आहे. झुरका विडी, सिगरेट, चिलीम कशाचाही चालतो, दम मात्र चिलमीचाच, सिगरेटचा दम माझ्या तरी कानाला खटकतो.