पितळी थिओडोलाइट परदेशी पाठवण्याआधी

प्रश्न : वडिलांनी जमवलेली काही जुनी शास्त्रीय उपकरणं त्यांच्या पश्चात माझ्याकडे आली आहेत. एका परदेशी संग्राहकाला त्यातली चार हवी आहेत. ‘ट्रॉटन अँड सिम्स, लंडन’ असं कोरलेला थिओडोलाइट, म्हणजे भूमापनात कोन मोजायचं उपकरण (त्यावर बाणाचा छोटा ठसा आहे), ‘कुक, ट्रॉटन अँड सिम्स’ची डम्पी लेव्हल (जमिनीची उंच-सखलता मोजायची दुर्बीण), इंग्लंडमधल्या क्यू वेधशाळेचं १९०८ सालचं तपासणी प्रमाणपत्र पेटीत असलेला सेक्स्टंट (जहाजावर सूर्य-ताऱ्यांची उंची मोजायचं उपकरण) आणि लाइट्झ कंपनीचा सूक्ष्मदर्शक. त्याने आगाऊ रक्कम माझ्या खात्यात भरली आहे. कुरियर एजंट म्हणतो, ‘ब्रास डेकोरेशन पीस’ लिहा, कुणी उघडून बघत नाही. बहिणीची हरकत नाही, असं ती फोनवर म्हणाली. पाठवू का?

उत्तर : नाही. थिओडोलाइट आणि सेक्स्टंट तर पाठवायचेच नाहीत. उरलेल्या दोन वस्तू जाऊ शकतील, पण एजंटने सांगितलेल्या वाटेने नव्हे.

ॲंटिक्विटीज अँड आर्ट ट्रेझर्स ॲक्ट, १९७२ म्हणजे मूर्ती आणि चित्रांचा कायदा, असा सर्वसाधारण समज आहे. त्याच्या कलम २ मधली पुरावस्तूची व्याख्या वाचली तर गेलेल्या काळातल्या विज्ञानावर प्रकाश टाकणारी कोणतीही वस्तू तिच्यात येते. अट एकच, ती किमान १०० वर्षं जुनी असावी. ती भारतात बनलेली असावी, अशी अट नाही. लंडनमध्ये घडलेला थिओडोलाइटही १०० वर्षांचा झाला की इथे पुरावस्तू ठरतो. कलम ३ नुसार पुरावस्तू देशाबाहेर नेण्याचा अधिकार फक्त केंद्र सरकारला किंवा त्याने अधिकृत केलेल्या संस्थेला आहे. विक्री असो, भेट असो किंवा विमानातल्या बॅगेत सोबत नेणं असो, कायद्याच्या लेखी ती निर्यातच. कलम २५ खाली शिक्षा किमान ६ महिने, कमाल ३ वर्षं कैद आणि शिवाय दंड. प्रयत्नही गुन्ह्यात मोडतो, म्हणजे पार्सल विमानतळावर अडलं तरी सुटका नाही.

आता तुमच्या चार वस्तूंची वयं. इथे निर्मात्याचं नाव फार उपयोगी पडतं. टी. कुक अँड सन्स आणि ट्रॉटन अँड सिम्स या कंपन्या १९२२ मध्ये एकत्र आल्या आणि ‘कुक, ट्रॉटन अँड सिम्स’ हे नाव सुरू झालं. त्यामुळे नुसतं ‘ट्रॉटन अँड सिम्स’ कोरलेला तुमचा थिओडोलाइट त्याआधीचा, म्हणजे शंभरी ओलांडलेला. सेक्स्टंटचं वय तर पेटीतलं प्रमाणपत्रच सांगतं, फक्त त्यावरचा क्रमांक आणि उपकरणावर कोरलेला क्रमांक एकच आहे ना, ते ताडून पाहा. पेट्यांची अदलाबदल सर्रास झालेली असते.

हा सेक्स्टंट अलीकडची शोभेची नक्कल तर नाही ना, हेही एकदा बघून घ्या, कारण जुन्या लंडन कंपन्यांची नावं कोरलेल्या पितळी प्रतिकृती बाजारात ढिगाने आहेत. व्हर्नियर (मुख्य पट्टीवर सरकणारी बारीक मापाची छोटी पट्टी) असेल तर त्याचा शून्य मुख्य पट्टीच्या एका रेषेशी नेमका जुळवा. खऱ्या उपकरणात त्याच वेळी व्हर्नियरची शेवटची रेषाही पट्टीवरच्या एखाद्या रेषेशी जुळते. नकलेत ती बहुधा कुठेच बसत नाही, कारण तिथे आकडे केवळ नक्षी म्हणून कोरलेले असतात.

डम्पी लेव्हल १९२२ नंतरची एवढं नक्की, पण त्याने काम भागत नाही. ती १९२३ ची असेल तर शंभरी गाठून बसलीच. अनुक्रमांक, पेटीतलं लेबल, वडिलांच्या खरेदीची पावती, जे मिळेल ते गोळा करा. लाइट्झच्या सूक्ष्मदर्शकांचे अनुक्रमांक आणि वर्षं जुळवणाऱ्या याद्या संग्राहकांकडे असतात, त्यावरून ढोबळ काळ काढता येतो. स्टँड जुना आणि वस्तुभिंगं नंतरची असा मेळ त्यात नेहमी दिसतो. तो अर्जात लपवू नका.

या दोन वस्तूंसाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मंडळ कार्यालयात ‘पुरावस्तू नसल्याचं प्रमाणपत्र’ मागा. प्रत्येक वस्तूची मापं, वजन, अनुक्रमांक आणि स्वच्छ छायाचित्रं जोडा : पूर्ण वस्तू दोन बाजूंनी, कोरलेलं नाव जवळून, अंशपट्टी, पेटी आतून-बाहेरून. तज्ज्ञ समिती वस्तू प्रत्यक्ष पाहते, त्यामुळे ती न्यायची तयारी ठेवा. पुरावस्तू आहे की नाही यावर वाद झाला तर कलम २४ खाली महासंचालकांचा किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या संचालक दर्जाच्या अधिकाऱ्याचा निर्णय अंतिम असतो. प्रमाणपत्र मिळालं की पाठवणं लांबवू नका, १०० वर्षांची रेषा दरवर्षी पुढे सरकते. आणि अर्जाआधी पितळ चकाकवण्याचा मोह आवरा. जुनं लॅकर (पितळेवरचा संरक्षक लेप) आणि कोरीव अक्षरांची धार गेली की वयाचा पुरावाच पुसला जातो.

एक सापळा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. शास्त्रीय, ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा सौंदर्यमूल्य असलेल्या हस्तलिखितांना आणि दस्तऐवजांना मर्यादा १०० नव्हे, ७५ वर्षांची आहे. लेव्हलच्या पेटीत कुणा सर्वेक्षकाची जुनी फील्डबुक, म्हणजे मोजणीच्या नोंदींची वही असेल, तर लेव्हल जाऊ शकेल आणि वही अडेल. पेट्या रिकाम्या करून प्रत्येक कागद वेगळा पाहा. त्याच वेळी हस्तिदंतही शोधा, विशेषतः आरेखनसाहित्यातल्या पांढऱ्या मोजपट्ट्यांमध्ये. आडव्या छेदावर एकमेकींना तिरप्या छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसली तर तो खरा हस्तिदंत समजा. त्याला १९७२ चाच वन्यजीव संरक्षण कायदा लागतो. विक्री बंद, आणि बाळगायलाही वनविभागाचं मालकी प्रमाणपत्र लागतं.

बाणाचा ठसा ही ब्रिटिश सरकारी मालमत्तेची खूण. त्याने लगेच घाबरायचं कारण नाही, अशी उपकरणं रीतसर लिलावात निघत. टोकाला टोक लावलेले दोन बाण दिसले तर वस्तू सेवेतून काढून विकल्याची ती निशाणी. एकच बाण असेल तर वडिलांच्या पावत्या, लिलावाचे कागद, जुने फोटो शोधून ठेवा. सरकारला मालकीचा दावा लावायला ३० वर्षांची मुदत असते, म्हणून कागद फेकू नका. ठसा घासून काढणं तर आत्मघातकी. प्रामाणिक खरेदीवरही त्याने संशय ओढवतो.

एजंटच्या सल्ल्याबद्दल. घोषणापत्र तुमच्या नावाने, तुमच्या ओळखपत्रावर जातं. जाणूनबुजून खोटं वर्णन दिलं तर सीमाशुल्क कायद्याच्या कलम ११४एए खाली मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो आणि माल जप्त होतो तो वेगळाच. ‘एजंटने सांगितलं’ हा बचाव टिकत नाही. त्याने ते संदेशात लिहिलं असेल तर तो मात्र जपून ठेवा.

थिओडोलाइट आणि सेक्स्टंट देशातच विकायला अडचण नाही. स्वतःचा वारसा एकदाच विकणं हा ‘धंदा’ नव्हे. घ्यायचं-विकायचं सुरू केलंत तर मात्र १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कलम ५ चा परवाना लागेल. आजवरच्या अधिसूचनांनुसार सक्तीची नोंदणी मूर्ती, चित्रं, सचित्र हस्तलिखितं अशा वस्तूंना आहे, शास्त्रीय उपकरणांना नाही. तरीही खरेदीदाराकडून ‘वस्तू भारताबाहेर नेणार नाही’ असं लिहून घ्या. तो उद्या ती बाहेर घेऊन गेला तर तुम्ही अंधारात होता हे दाखवायला तोच कागद कामी येईल. बहिणीची संमती फोनवर नको, वस्तूंच्या यादीसह सहीनिशी हवी. आई हयात असेल तर तिचीही.

आगाऊ रकमेचं या आठवड्यातच उरका. बेकायदा निर्यातीचा करार भारतीय करार कायद्याच्या कलम २३ खाली निरर्थक आहे. संग्राहक तुमच्याकडून वस्तू वसूल करू शकत नाही, पण म्हणून पैसे ठेवून घेणंही बरोबर नाही. दोन वस्तू कायद्याने जाऊ शकत नाहीत आणि उरलेल्या दोन प्रमाणपत्र मिळालं तरच पाठवू, असं त्याला ईमेलने कळवा. पहिल्या दोघांची रक्कम ज्या बँकमार्गाने आली त्याच मार्गाने परत करा. उरलेल्या दोघांच्या रकमेवर त्याचा लेखी होकार येईपर्यंत हात लावू नका.