नववीतली मुलगी जेवत नाही, शाळेचं नाव काढलं की रडते. आधी काय सांभाळू?

ताई, तुमच्या मुलीचं वजन सहा महिन्यांत भराभर उतरलंय, सकाळी युनिफॉर्म घालताना ती थरथरते, आणि तिचे बाबा म्हणतात की शाळेचं टेन्शन गेलं की आपोआप जेवेल. आमच्या घरीही अगदी हेच म्हणणं होतं, आणि त्यात आमचे चार महिने गेले. म्हणून सांगते, आधी जेवण.

आमच्याकडे सुरुवात उपासाने झाली. आधी संकष्टी, मग मंगळवार, मग नवरात्राचे नऊ दिवस. आजीला नातीचं केवढं कौतुक! डबा रोज रिकामा येई म्हणून मीही निर्धास्त होते. पोळी-भाजी मैत्रिणी खात होत्या हे फार उशिरा कळलं. गणपतीला घरी आलेला प्रत्येक जण "किती छान बारीक झालीस" म्हणाला. तेव्हा मलाही बरं वाटलं होतं. ते आठवलं की आजही रडू येतं.

पहिलं काम डॉक्टरांचं, आणि ते याच आठवड्यात करा. नाडी, बसून आणि उभं राहून घेतलेलं ब्लड प्रेशर, ईसीजी, रक्तातलं पोटॅशियम आणि फॉस्फेट. माझ्या मुलीची नाडी मिनिटाला ४४, म्हणजे फारच कमी होती, पण रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल होते. त्यामुळे केवळ रिपोर्ट बघून गाफील राहू नका. चक्कर येऊन पडली, छातीत धडधडलं, पाणीही नको म्हणाली किंवा जीव द्यायचं बोलली, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता तडक हॉस्पिटल गाठा. बरेच दिवस जवळजवळ उपाशी असेल तर एकदम भरपूर खाऊ घालणंही धोक्याचं असतं, किती आणि कसं वाढवायचं ते डॉक्टरांनाच विचारा. खासगी मानसोपचार परवडत नसेल तर केईएम, नायर, सायन या मुंबई महापालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार ओपीडी आहे. रांग लांब असते, सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढा.

डॉक्टरांनी मला एक जुना प्रयोग सांगितला. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. ती माणसं चिडचिडी, उदास, एकलकोंडी झाली, दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागली. हे ऐकल्यावर मुलीचा अबोला मला हट्ट वाटेनासा झाला. शरीर उपाशी असताना शाळेच्या भीतीवर कितीही समजूत घातली तरी ती आत पोचत नाही.

आम्हाला फॅमिली बेस्ड ट्रीटमेंट सांगितली होती. त्यात काय आणि किती खायचं हे काही काळ आईबाप ठरवतात. "थोडं तरी खा गं" हे मी बंद केलं. ताट मीच वाढायचे, वरण-भातावर तूपही मीच घालायचे, आणि ती संपवेपर्यंत शेजारी बसायचे. कधी सव्वा तास लागे. ती ओरडायची, ताट ढकलायची. मी एवढंच म्हणायचे, "तुला भीती वाटतेय ते कळतंय. मी इथेच आहे. पुढचा घास घे." बाबा आणि आजी दोघांनीही हेच धरून ठेवायला हवं. एक जण जरी "राहू दे आता" म्हणाला की सगळं मुसळ केरात. उपास बंद, आणि वजनाबद्दल, दिसण्याबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही, कौतुकाचाही नाही. हे मी मुलुंडच्या नणंदेपासून कामवाल्या मावशींपर्यंत सगळ्यांना सांगितलं.

शाळा पूर्ण सोडवू नका, घरी राहण्याची सवय लागली की परत जाणं आणखी जड होतं. अर्थात डॉक्टर विश्रांती सांगतील तेवढे दिवस घरीच ठेवा. आमच्या शाळेत पीटीच्या तासाला सगळ्यांसमोर वजन घेऊन मोठ्याने वाचायचे, मुलीची निम्मी भीती तीच होती. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मी मुख्याध्यापिकांना भेटले. वजन घेणं आणि पीटी थांबली, सुरुवातीला फक्त दोन तास शाळा, आणि मधल्या सुट्टीतला डबा समुपदेशक बाईंच्या खोलीत, त्यांच्यासमोर. पूर्ण दिवस बसायला तिला पाच महिने लागले.

दहावीची काळजी आत्ता करू नका, वर्ष गेलं तरी १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं.

आणि १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर फोनमध्ये ठेवा. सरकारी आहे, मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. मी रात्री अडीच वाजता स्वयंपाकघरात बसून स्वतःसाठी लावला होता.