बॅराइट विषारी आहे का, आणि विहिरीत तेच का ओततात?

तुमचा धाकटा भाऊ मुंबईजवळच्या समुद्रातल्या तेल-गॅसची विहीर खोदणाऱ्या रिगवर मड (खोदताना विहिरीत भरतात तो चिखलासारखा द्रव) विभागात लागलाय, दिवसभर बॅराइट या बेरियमच्या खनिजाच्या पोत्यांत वावरतो, आणि बेरियम विषारी असल्याचं वाचून घरचे घाबरलेत. शिवाय सुट्टीवर येताना त्याने आणलेला पांढरा दगड बॅराइटच आहे का, हेही तुम्ही विचारलंय. मी बावीस वर्षं मड इंजिनिअर म्हणून काढली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बेरियम क्लोराइड, बेरियम कार्बोनेट ही खरोखरच विषं आहेत. कार्बोनेट तर उंदीर मारायला वापरायचे, कारण ते पोटातल्या आम्लात विरघळतं. बॅराइट म्हणजे बेरियम सल्फेट. ते आम्लालाही दाद देत नाही, आणि लिटरभर पाण्यात जेमतेम अडीच मिलिग्रॅम विरघळतं. म्हणूनच पोटाच्या एक्स-रेआधी पेशंटला 'बेरियम मील' पाजता येतं. (ते औषधासाठी वेगळं शुद्ध केलेलं असतं, खाणीतली पावडर नव्हे.) काळजी करायची ती धुळीची. खनिजाबरोबर थोडा क्वार्ट्झ येतो आणि ती सिलिका फुप्फुसांना वाईट. हॉपरवर (पावडर मडमध्ये सोडायच्या नरसाळ्यावर) पोती फोडताना रुमाल बांधून भागत नाही, नाकाला घट्ट बसणारा मास्कच हवा. हे त्याला माझ्यातर्फे बजावून सांगा.

आता ओततात कशाला ते. समजा 3000 मीटर खोल गॅस आहे, दाब 400 किलो प्रति चौ. सेंमी. विहिरीत नुसतं पाणी भरलं तर तळाशी दाब पडतो साधारण 300. गॅस उसळून वर येणार, आणि रिगवर त्याहून भयंकर काही नसतं. मडची घनता 1.4, म्हणजे पाण्याच्या 1.4 पट, केली की तोच दाब 420 होतो आणि गॅस जागच्या जागी राहतो. त्यासाठी 1000 लिटर पाण्याला 4.2 घनतेचं 600 किलो बॅराइट लागतं, आणि ते जागा व्यापतं फक्त 143 लिटर. हेच काम चुनखडीच्या पावडरीने करायचं तर 830 किलो लागेल, जागा दुपटीहून जास्त, आणि मड इतका घट्ट होईल की पंप रडतील. हेमेटाइट हे लोहखनिज बॅराइटपेक्षा जड, पण कठीण. पंप आणि पाइप घासून काढतं. बॅराइट मऊ, कठीणता 3 ते 3.5. जड, मऊ आणि कशाशीच रासायनिक भांडण न करणारं, असं स्वस्त खनिज दुसरं नाही.

म्हणून माल तपासल्याशिवाय घेऊ नये. एकदा आमच्याकडे आलेली पावडर रंगाने छान होती. 80 ग्रॅम नमुना केरोसीन भरलेल्या फ्लास्कमध्ये टाकला. पातळी 19 मिलिलिटर चढायला हवी होती, चढली 20. म्हणजे घनता 4.0. आम्लाचा थेंब टाकल्यावर फसफसली, चुनखडीची भेसळ. सगळा लॉट परत केला. रंगावर जाऊ नका. कडप्याच्या बाजूला मंगमपेटला जगातल्या सर्वांत मोठ्या साठ्यांपैकी एक आहे, तिथला उत्तम माल राखाडीच असतो. चांगला माल कमी होत चालला, म्हणून 2010 मध्ये अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने 4.2 च्या जोडीला 4.1 ची प्रतही मानकात घेतली.

पांढराशुभ्र माल रंगाच्या आणि रबराच्या कारखान्यांत जातो. गाड्यांच्या ब्रेक लायनिंगमध्येही बॅराइट असतं, आणि किरण अडवायचे तिथल्या जड काँक्रीटमध्येही.

राहिला दगड. दोऱ्याने काट्याला टांगून वजन करा, मग पाण्यात पूर्ण बुडवून पुन्हा करा, तळाला टेकू देऊ नका. हवेत 900 ग्रॅम आणि पाण्यात 700 भरला, तर 900 भागिले 200, म्हणजे 4.5: बॅराइट. उत्तर 2.7 च्या आसपास आलं तर तो कॅल्साइट किंवा गारगोटी. आकडे इथे टाका, मी बघतो.