रिटायरमेंटला वर्ष उरलंय, पैशांचं काय करू?

मी जिल्हा परिषदेत शिक्षक, मेमध्ये ५८ पूर्ण होतात, जुनी पेन्शन आहे. सगळे म्हणतात ४० टक्के पेन्शन विकून टाका. विकू का? (सांगली)

सर, आधी पैसे कशाला हवेत ते ठरवा. समजा पेन्शन ४० हजार बसली आणि ४० टक्के विकली, म्हणजे तेवढ्या हिश्श्याचे पैसे आधीच एकरकमी घेतले, तर दर महिन्याला १६ हजार कापले जाणार, तेही १५ वर्षं, म्हणजे पूर्ण पेन्शन परत सुरू होईल तेव्हा तुम्ही ७३ चे असाल. हिशोब मांडला तर हे जवळपास ९ टक्क्यांनी काढलेल्या कर्जासारखं पडतं. त्यामुळे नुसतं एफडीत टाकायला विकू नका, पण डोक्यावर महागडं पर्सनल लोन असेल तर जरूर विका आणि ते फेडून मोकळे व्हा. दोन गोष्टी मात्र चांगल्या आहेत, महागाई भत्ता मूळ पूर्ण पेन्शनवरच मिळत राहतो आणि तुमच्या पश्चात मॅडमना जी फॅमिली पेन्शन मिळेल त्यातून ही कपात होत नाही.

गावातली पतसंस्था १२ टक्के देतेय, चेअरमन ओळखीचे आहेत. ग्रॅच्युइटीचे २० लाख ठेवू का? (अहिल्यानगर)

नको. खरंच नको. चेअरमन कितीही सज्जन असू देत, बँकेतल्या ठेवीला व्याजासकट ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेच्या पावतीला तोही नाही, संस्था अडचणीत आली की वसुली होईपर्यंत खेटे घालत बसायचं आणि या वयात पुन्हा कमवायचं कुठून? पोस्टात किंवा बँकेत सीनियर सिटीझन सेव्हिंग्ज स्कीम घ्या. एप्रिल २०२३ पासून तिथे ८.२ टक्के मिळतायत, ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, खातं उघडताना जो दर असेल तो पाच वर्षं बदलत नाही. २० लाखांवर दर तीन महिन्यांनी ४१ हजार हातात येतात, घरखर्चाला केवढा आधार होतो बघा. साठी झाली नसेल आणि रिटायर होऊन पैसे मिळाले असतील तर ५५ नंतरही उघडता येतं, फक्त पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत जा.

प्रायव्हेट कंपनीत आहे, पीएफची पेन्शन येईलच ना? (पिंपरी)

येईल, पण त्यावर घर चालणार नाही. पगार कितीही असला तरी बहुतेकांची पेन्शन १५ हजार पगाराची मर्यादा धरूनच निघते, त्यामुळे पूर्ण नोकरी झाली तरी महिन्याला साडेसात हजारांच्या आसपास हीच वरची हद्द समजा, बऱ्याच जणांना तर त्याहून खूप कमी बसते.

आणि तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते, कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर संपतो. स्वतःची पॉलिसी आत्ताच घ्या, कारण आधीपासून असलेल्या बीपी-शुगरला तीन वर्षांपर्यंत वेटिंग असू शकतं, म्हणजे तोवर त्या आजाराचा क्लेम मिळत नाही, आणि ते वेटिंग नोकरीत असतानाच जितकं सरेल तितकं बरं. फॉर्मवर शुगर लपवू नका, क्लेम तिथेच अडकतो.