बेंदूर कोणता, ते विचार

विश्रामबाग, सांगली

प्रिय डॉक्टरीणबाई,

तुझ्या थीसिसचा प्रोटोकॉल, म्हणजे अभ्यासाचा आराखडा, वाचला. चौदा पानं झाल्यावर शेवटी एकच प्रश्न विचारलायस, "मॅडम, सॅम्पल साइज किती धरू?" ते तुला स्टॅटिस्टिक्सवाले सांगतील. सूत्रात आकडे घातले की उत्तर पडतं, त्याला मी कशाला हवी? माझी नजर अडकली ती सहाव्या पानावरच्या एल.एम.पी.च्या, म्हणजे शेवटच्या पाळीच्या तारखेच्या, चौकोनात. दिवस, महिना, वर्ष अशी सुबक घरं आखलीस. तुझा विषय मुदतपूर्व बाळंतपणाचा, म्हणजे अख्खा थीसिस त्या घरांवर उभा. आणि ती भरायची कशी, याबद्दल प्रोटोकॉलमध्ये एक ओळ नाही.

प्रत्यक्षात काय होतं बघ. सोमवारची ओपीडी, दाराबाहेर रांग. जतकडची एक पोरगी सासूला घेऊन येते. शेवटची पाळी कधी आली, असं विचारलं की ती सासूकडे बघते. सासू म्हणते, "बेंदराच्या आदल्या दिशी बाहेर बसलीती." रेसिडेंट मोबाइलमध्ये बेंदराची तारीख बघतो, चौकोन भरतो, की पुढची बाई आत. तू कोरेगावची, तुझ्या लेखी बैलांचा हा सण, बेंदूर, एकच, आषाढातला. पण मिरज-जतच्या पट्ट्यात कर्नाटकी बेंदूर करणारी गावं आहेत आणि तो ज्येष्ठी पौर्णिमेला असतो. दोन्हींत जवळजवळ चार आठवड्यांचं अंतर. म्हणजे अडतीस आठवड्यांचं भरलेलं बाळ तुझ्या तक्त्यात चौतीस आठवड्यांचं होऊन बसणार, आणि त्याचं वजन चांगलं भरलं म्हणून तू चर्चेच्या प्रकरणात काहीतरी विद्वत्तापूर्ण लिहिणार! 2023 साली तर 18 जुलै ते 16 ऑगस्ट अधिक श्रावण होता. "श्रावणात" म्हणणाऱ्या बाईला कुठला श्रावण, हे त्या वर्षी किती जणांनी विचारलं असेल?

तेव्हा बेंदूर कोणता, ते विचार. पाळी महिन्याच्या महिन्याला येत होती का, विचार. आधीचं पोर अंगावर पीत असताना दिवस गेले असतील तर तिला शेवटची पाळी अशी नसतेच. मग ती बिचारी तुझं मन राखायला कुठलातरी सण सांगते. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी असेल तर तारीख तिच्यावरून पक्की कर, कारण त्या वेळी डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतची लांबी मोजून काढलेलं वय आठवड्याभराच्या आत बरोबर येतं. सातव्या-आठव्या महिन्यातल्या पहिल्या सोनोग्राफीवर तेवढा भरवसा ठेवू नकोस. आणि त्या चौकोनाशेजारी अजून एक रकाना काढ: तारीख कुठून मिळाली? तारखेसकट आठवली, सणावरून काढली, लवकरच्या सोनोग्राफीवरून की उशिराच्या? शेवटी निष्कर्ष काढशील तेव्हा नुसत्या लवकरच्या सोनोग्राफीवाल्या बायका वेगळ्या काढून हिशोब पुन्हा मांडून बघ. उत्तर बदललं, तर तसं लिही.

तुला हा किरकिरेपणा वाटेल, म्हणून स्टिरॉइडची गोष्ट सांगते. 1972 साली न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला लिगिन्स आणि हॉवी यांनी दाखवलं की मुदतीआधी कळा आलेल्या आईला स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं तर बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. सुरुवात मेंढ्यांवरच्या प्रयोगातून झाली होती. मोठ्या दवाखान्यांत गुण आला, तेव्हा खेड्यापाड्यांत दिलं तर किती बाळं वाचतील, असं सगळ्यांनाच वाटलं. मग सहा देशांत मोठा अभ्यास झाला, त्यात आपल्या शेजारचं बेळगाव होतं आणि नागपूरही. 2015 साली निकाल आला आणि सगळे गप्प झाले. सगळी बाळं मिळून बघितली तर नवजात मृत्यू कमी व्हायचे सोडून थोडे वाढलेच होते, आयांमध्ये जंतुसंसर्गाचा संशयही जास्त दिसला. इंजेक्शन मिळालेल्या पुष्कळ बायकांची बाळंतपणं पुढे मुदतीत, चांगल्या वजनाच्या बाळांची झाली होती. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत पुन्हा अभ्यास केला. या वेळी दवाखान्यात, सोनोग्राफीने वय पक्कं करून, 26 ते 34 आठवड्यांच्या आतल्याच बायका घेतल्या. 2020 साली निकाल आला: नवजात मृत्यू 23.5 टक्क्यांवरून 19.6 वर. औषधाचं कुळ तेच. पण कोणाला द्यायचं, कुठे द्यायचं आणि गर्भाचं वय खरं किती, हे बदललं होतं. तुझ्या चौकोनाचं वजन कळलं ना आता?

आता माझी लाज सांगते, म्हणजे तुझी वाचेल.

मी लेक्चरर असताना बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावावर अभ्यास केला होता. गाव आणि दवाखाना सोडून देऊ. दोन औषधांपैकी कोणत्याने रक्त कमी जातं, असा साधा प्रश्न. ड्यूटीवरच्यांनी अंदाजाने आकडा लिहायचा. शेवटी रजिस्टर घेऊन बसले तर सगळे आकडे शंभर, दीडशे, दोनशे, अडीचशे असे गोल. एकही 170 नाही, 235 नाही. आणि 450 वर बायकांची ही गर्दी, 500 च्या वर कोणीच नाही! कारण 500 मिली झालं की पी.पी.एच., म्हणजे बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव, असं लिहावं लागायचं, फॉर्म भरावा लागायचा आणि रात्री दोन वाजता साहेबांना उठवावं लागायचं. मी मनातल्या मनात खूश होते, आपल्या वॉर्डात रक्तस्राव नाहीच मुळी. एके दिवशी लेबर रूमच्या मावशी फरशी पुसता पुसता म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या त्या साडेचारशेवालीचं पातळ मी पिळलंय. बादली लाल झालती."

तो अभ्यास मी तरीही सादर केला. गाइडांना मुदत गाठायची होती, मलाही. लायब्ररीत असेल अजून, काळ्या बाइंडिंगमध्ये. त्याचा दाखला मी कधी कुणाला दिला नाही, आणि तूही शोधत बसू नकोस.

नंतर बेळगावचा अभ्यास वाचला, 2006 साली लॅन्सेटमध्ये आलेला. खेड्यांतल्या 1620 बायका, बाळंतपणं केलेली ए.एन.एम., म्हणजे गावपातळीवरच्या, सिस्टरांनी, औषध मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या, 600 मायक्रोग्रॅम. रक्त थांबवायच्या ऑक्सिटोसिन इंजेक्शनसारखा फ्रिज लागत नाही, हे त्या गोळ्यांचं मोठेपण. रक्तस्राव 12 टक्के बायकांना होत होता तो 6.4 वर आला. पण मी अर्धा दिवस त्या गोळ्यांवर नाही, पिशवीवर घालवला. बाईच्या कमरेखाली प्लास्टिकचं कापड आणि त्याला खाली आकडे छापलेला खोळीसारखा भाग. रक्त त्यात जमतं, सिस्टर आकडा वाचते, विषय संपला. अंदाज नाही आणि साहेबांची भीतीही नाही. अशाच पिशवीवर आणि लगोलग एकत्र द्यायच्या उपचारांवर 2023 साली आफ्रिकेतल्या चार देशांतला मोठा अभ्यास आला, दोन लाखांहून जास्त बाळंतपणांचा. गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू, हे सगळं मिळून 60 टक्क्यांनी कमी झालं. पिशवी मिळाली नाही तर कापड आणि पॅड आधी कोरडे तोल, मग भिजलेले तोल. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. वॉर्डातला वजनकाटा खरा आहे का, ते मात्र आधी बघ.

बी.पी.चंही हेच. रजिस्टरमध्ये 110/70 आणि 120/80 ची माळ दिसली की समज, मशिन कपाटात आहे.

संमतीबद्दल तू लिहिलंस, 'लेखी संमती घेतली जाईल'. कोण घेईल, कधी घेईल? कळा देणाऱ्या बाईसमोर कागद धरायचा नाही, हे मी तुला वेगळं सांगायला नको. तपासणीला येते तेव्हाच बोल, घरी जाऊन विचार करू दे, पुढच्या खेपेला सही घे. लिहिता-वाचता येत नसेल तर अंगठ्यासोबत तटस्थ साक्षीदार लागतो, आणि तुझी ड्यूटीवरची मैत्रीण तटस्थ नव्हे. फॉर्म कानडीतही करून एथिक्स समितीकडून मंजूर करून घे. 1894 साली वान्लेस साहेबांनी मिरजेत दवाखाना काढला तेव्हापासून कर्नाटकातली माणसं इथं येतात, आणि आपण अजून त्यांना मराठी कागदावर सही करायला लावतो.

पण खरं सांगू? फॉर्मपेक्षा मी एकच गोष्ट बघते. तू निम्मं सांगेपर्यंत बाई "कुठं करू सही?" म्हणाली, तर थांब. तिला वाटतंय सही केली नाही तर खाट मिळणार नाही. तिलाच विचार, घरी आईला काय सांगशील? मी एकदा एका बाईला दोन औषधांचं आणि चिठ्ठीचं सगळं समजावलं आणि हेच विचारलं. ती म्हणाली, "कुठलं औषद चांगलं त्ये तुमाला बी ठावं न्हाई, म्हनून आमच्या नावाची चिठ्ठी टाकणार." रँडमायझेशनची इतकी नेमकी व्याख्या मला कुठल्या पुस्तकात मिळाली नाही. मग म्हणाली, "मग मला नगं." मी नकार लिहिला, खाट तीच दिली, औषध नेहमीचं दिलं. तिसऱ्या दिवशी जाताना पेढे देऊन गेली. एकही नकार नसलेलं संमतीचं रजिस्टर माझ्याकडे आणू नकोस.

आणि नवऱ्याची सही मागू नकोस. त्याच्याशी बोलायला हरकत नाही, पण संमती तिची. मागच्या गर्भपाताबद्दल तर सासू आणि नवरा बाहेर असतानाच विचार. या जिल्ह्यात 2017 साली म्हैसाळला स्त्रीभ्रूणहत्येचं जे उघडकीस आलं, त्यानंतर तो प्रश्न विचारला की बायका भिंतीकडे बघतात. गर्भपाताच्या कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीपासून गर्भपात केलेल्या बाईचं नाव उघड करणं हा गुन्हाच आहे, तेव्हा नाव आणि ती माहिती एका कागदावर नको. नंबर वापर, आणि नावांची यादी कुलपात.

आता माहेर. तू लिहिलंयस, 'बाळ सहा आठवड्यांचं होईपर्यंत पाठपुरावा'. पहिलटकरीण सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं की माहेरी जाते, हे विसरलीस? माहेर विट्याला असेल, माणला असेल, अथणीला असेल. नाव नोंदवतानाच विचार, बाळंतपणाला कुठे जाणार, आणि आईचा नाहीतर भावाचा नंबर घे. सासरचा मोबाइल नवऱ्याच्या खिशात असतो आणि तो कामावर. तिकडच्या आशाताईंचा नंबर मिळाला तर सोन्याहून पिवळं. ऊसतोडीला आलेल्या बायका त्याहून अवघड. दिवाळीच्या सुमारास बीडकडून येतात, मार्च-एप्रिलला परत, मध्ये एका फडातून दुसऱ्या फडात. त्यांना वगळायचा मोह होईल, कारण त्या सापडत नाहीत आणि तुझा 'लॉस टू फॉलोअप' वाढतो. पण मोळ्या उचलणाऱ्या बायका सोडून मुदतपूर्व बाळंतपणावर तू लिहिणार तरी काय? मुकादमाचा फोन आणि त्यांची कोपी, म्हणजे फडावरची झोपडी, कुठे आहे ते लिहून घे. थोड्या हरवतील. ज्या हरवल्या त्या कोण होत्या, त्याचाही तक्ता दे.

सी.टी.आर.आय.ची, म्हणजे देशातल्या वैद्यकीय अभ्यासांच्या सरकारी नोंदवहीतली, नोंदणी पहिली बाई घ्यायच्या आधी. 2018 पासून मागाहून करून देत नाहीत, रडू नकोस मग.

फरक दिसला नाही तर काय, असं तू शेवटी हळूच विचारलंस. 1953 साली शिकागोत डीकमन यांनी गर्भपात टळावा म्हणून देत असलेल्या डी.ई.एस. या हार्मोनचा नीट अभ्यास केला आणि काही उपयोग नाही असं छापलं. तरी डॉक्टर लिहून देतच राहिले. 1971 साली त्या औषधावरच्या आयांच्या मुलींमध्ये योनीमार्गाचा विरळा कॅन्सर दिसला, तेव्हा कुठे थांबले. फरक नाही, तर तसंच छाप, मोठ्या अक्षरात.

माझ्या माळ्यावर 2009 पासूनची कालनिर्णयं आहेत, एकही फेकलेलं नाही. सून वैतागते. कर्नाटकी आणि महाराष्ट्रीय, दोन्ही बेंदरांवर मी लाल पेनने खुणा केल्या आहेत. रविवारी दुपारी ये, पण आधी फोन कर, गुडघा दुखतोय, माळ्यावर तुलाच चढावं लागेल.

तुझी,
मॅडम