अपघातात डोक्याला मार लागल्यापासून भावाला समोरच्याचा राग, दुःख कळतच नाही, हे परत शिकवता येतं का? (नागपूर)

हो, बऱ्याच प्रमाणात येतं, आणि प्लीज त्याला निर्दयी झाला असं समजू नका. गाडीच्या अपघातात कपाळामागचा आणि कानशिलाजवळचा मेंदू जास्त दुखावतो, चेहरा आणि आवाजातला भाव ओळखण्यात या भागांचा मोठा वाटा असतो, त्यामुळे आनंद कळतो पण राग, भीती, दुःख सहसा निसटतं. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे (आजार-दुखापतीनंतर रोजचे व्यवहार परत जमावेत म्हणून सराव करून घेणारी), असे पेशंट रोज बघते. घरी करा:

- सिरीयल आवाज बंद करून लावा, मध्येच थांबवून विचारा, भुवया बघ, ओठ बघ, याला काय वाटत असेल?
- घरच्यांनी तोंड फुगवून बसायचं नाही, सरळ बोलायचं, "दादा, मला आत्ता वाईट वाटलं, कारण तू माझं बोलणं मध्येच तोडलंस"

फक्त एक, टीव्हीसमोर जमलं म्हणजे बाहेर आपोआप जमेल असं नसतं, म्हणून त्याला तर्री पोह्याच्या ठेल्यावर, बर्डीच्या (सीताबर्डी बाजारातल्या) दुकानात सोबत न्या आणि तिथेच सराव करा, घरी आल्यावर काय झालं ते शांतपणे बोला, पण गर्दीने लवकर थकतो तेव्हा दहा-पंधरा मिनिटंच. मेडिकलला (नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) ऑक्युपेशनल थेरपी विभाग आहे, तिथे एकदा दाखवाच.