गरम ब्रशमधली गुंतवळ : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

यावेळी हीटेड ब्रशबद्दल बरेच प्रश्न आलेत, काही वापरणाऱ्यांचे आणि काही चक्क तो बनवू बघणाऱ्यांचे. सगळ्यांचा रोख एकच की हा ब्रश साफ कसा होणार, म्हणून एकत्रच घेतलेत.

प्रश्न : ताई, मी प्रॉडक्ट डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे. केस सरळ करायचा हीटेड ब्रश साफ करायला सोपा कसा करता येईल हा माझा प्रोजेक्ट आहे. वर्गातले सगळे म्हणतात वॉटरप्रूफ करून टाक, नळाखाली धरला की झालं. मला ते पटत नाहीये पण का पटत नाही हे नीट सांगता येत नाहीये. सुरुवात कुठून करू?

तुझं न पटणं बरोबर आहे, आणि त्याचं कारण आधी सांगते म्हणजे वर्गात बोलता येईल. वॉटरप्रूफ म्हणून जे आयपीएक्स ७ रेटिंग देतात ते म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं, बस. त्या टेस्टमध्ये साबण नसतो आणि २०० अंशापर्यंत तापून थंड झालेली, परत तापलेली, अशी शेकडो वेळा फुगलेली आणि आकसलेली सीलं पण नसतात. साबणाचं पाणी साध्या पाण्यापेक्षा बारीक फटीत जास्त सहज शिरतं. वर अजून एक गंमत, ब्रश थोडा गरम असताना पाण्याखाली धरला की आतली हवा एकदम आकसते आणि फटीतून पाणी आत ओढलं जातं. मेन्सच्या करंटवर चालणाऱ्या वस्तूत ही जोखीम घ्यायची कशासाठी, जेव्हा गुंतवळ पाण्याने निघतच नाही? ओले केस पिनांना उलट जास्तच चिकटून बसतात. केसांच्या उपकरणांसाठी आयईसी ६०३३५-२-२३ असं वेगळं सेफ्टी स्टँडर्ड आहे, ते कॉलेजच्या लायब्ररीत मिळालं तर प्रोटोटाइप करायच्या आधी वाच.

आता सुरुवात. ब्रशमध्ये जे अडकतं त्याला आपण सरसकट घाण म्हणतो पण ती तीन वेगवेगळी प्रकरणं आहेत. एक गुंतवळ. माणसाचे रोज साधारण ५० ते १०० केस गळतातच, त्यातले बरेचसे ब्रशमध्ये येतात आणि पिनांच्या बुडाशी गुंडाळले जातात. दोन, कोंडा आणि कपड्यांचे तंतू, ते त्या गुंतवळीत अडकून नमद्यासारखे दाबले जातात. तीन, चिकटा, म्हणजे डोक्याचं तेल, सीरममधलं सिलिकॉन आणि हेअरस्प्रेमधली रेझिनं, हे सगळं उष्णतेनं भाजून पिनांवर चढतं. पहिलं ओढून निघतं, दुसरं झटकून आणि तिसरं फक्त पुसून, त्यामुळे एकाच युक्तीने तिन्ही घालवायला गेलीस की फसशील, तुझ्या स्केचबुकात या तिघांची तीन पानं वेगळी कर.

आणि मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती वेळेची. केस झाले, प्लग काढला, त्या क्षणी ब्रश समोर आहे आणि मळ दिसतोय, पण तो इतका तापलेला आहे की हात लावता येत नाही. थंड होईपर्यंत माणूस घराबाहेर. दुसऱ्या दिवशी ब्रश हातात येतो तो परत गरम करायलाच, आणि कालचा चिकटा आज पुन्हा भाजला जातो. लोक आळशी नसतात गं, साफ करायची वेळ आणि हात लावता येईल ती वेळ एकमेकींना भेटतच नाहीत. तुझं डिझाइन या दोन वेळा जवळ आणू शकलं तर अर्धं काम तिथेच झालं.

त्यासाठी एक सुचवते. डोक्याचं तेल अंगाच्या उबेलाच मऊ होतं, म्हणजे ब्रश कोमट असताना, साधारण ४०-४५ अंशाला, ताजा चिकटा कापडाने सहज निघतो आणि पूर्ण गार झाला की तोच घट्ट होतो. बहुतेक चांगल्या ब्रशमध्ये तापमान मोजणारा थर्मिस्टर आधीच असतो. मग ब्रश पुसण्याइतका कोमट झाला की एक छोटा हिरवा दिवा का लागू नये? अडचण अशी की प्लग काढला की दिवा पण जातो, आणि प्लग काढल्याशिवाय पुसायचं नाही हा नियम तर मोडायचाच नाही, म्हणून काही मिनिटं दिवा चालेल एवढा साठा देणारा कपॅसिटर आत लागेल. जागा थोडी जाईल पण मी ती जागा आनंदाने देईन.

आकाराबद्दल दोन गोष्टी. पिना तिरक्या ओळीत, एकाआड एक बसवल्या की केस चांगले धरले जातात म्हणून बरेच जण तसंच करतात, पण मग मधून काहीच सरळ जात नाही. तू ओळी सरळ ठेव, दोन्ही टोकांना उघड्या, म्हणजे कापडाची कड किंवा त्याच मापाची एखादी फणी या टोकातून घालून त्या टोकातून काढता येईल. पकड थोडी कमी होईल, ती पिनांच्या उंचीतून भरून काढता येते का बघ. दुसरं म्हणजे पिनेचं बूड. पिन जिथे तळाला मिळते तिथे काटकोन राहिला तर त्या कोपऱ्यात कापड पोचतच नाही, तिथे निदान १ मिलिमीटर गोलाई दे. आणि तळ आणि पिन वेगळे तुकडे असतील तर त्यांच्यामधली फट बघ. केसाची जाडी साधारण ०.०५ ते ०.१ मिलिमीटर असते, म्हणजे डोळ्याला दिसतही नाही अशा फटीत केस आरामात शिरतो आणि एकदा शिरला की तुटतो पण निघत नाही. जमेल तिथे एकसंध तुकडाच कर.

रंग फिका ठेव. काळ्या पिनांवर चिकटा दिसत नाही म्हणून त्या विकायला बऱ्या, पण जे दिसत नाही ते कोणी पुसत नाही. मुठीवर ते मऊ रबरासारखं कोटिंग अजिबात नको, तेलाने आणि वयाने ते स्वतःच चिकट होतं.

जाता जाता, हा विचार नवीन नाही बरं. लिडा न्यूमन या न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीय महिलेला १५ नोव्हेंबर १८९८ ला हेअरब्रशचं अमेरिकन पेटंट मिळालं, नंबर ६१४३३५. त्यात मळ खाली पडून एका कप्प्यात जमा व्हायची सोय होती आणि ब्रिसलचा भाग मुठीपासून सुटा करता यायचा. ते पेटंट काढून त्यातली चित्रं बघ, तुला त्यात तुझाच प्रश्न दिसेल, फक्त हीटर नसलेला.

प्रश्न : मी छोट्या उपकरणांच्या कंपनीत मेकॅनिकल डिझाइन बघतो. आमच्याकडे दोन कल्पनांवर वाद चाललाय. एक, बटण दाबलं की पिना आत जातील आणि केस वर मोकळे राहतील. दुसरी, पिनांच्या मधली जाळी वर उचलून काढता येईल आणि केस तिच्याबरोबर निघतील. तुमचं मत काय?

दुसरी. पहिली कल्पना बघायला फार छान आहे आणि थंड ब्रशमध्ये ती चालतेही, पण तुमचा ब्रश तापतो. १०० मिलिमीटर लांबीची ॲल्युमिनियमची पट्टी २० वरून २०० अंशाला गेली की साधारण ०.४ मिलिमीटर वाढते. पिना त्या पट्टीवर आहेत आणि भोकं वरच्या प्लास्टिकच्या प्लेटमध्ये, ती प्लेट तेवढी तापत नाही आणि पट्टीच्या मापाने वाढतही नाही. म्हणजे टोकाच्या पिना भोकांत घासू नयेत म्हणून भोकं ऐसपैस करावी लागणार, आणि वर लिहिलंय तसं केसाला ०.१ मिलिमीटरची फटसुद्धा पुरते. पिना खाली जाताना केस पण आत ओढून नेणार. शिवाय पिनांवर चढलेला चिकटा दर वेळी भोकाच्या कडेवर खरवडला जाऊन तिथेच साठणार आणि काही महिन्यांत बटण जाम. त्यात डोक्याला चटका बसू नये म्हणून पिनांना उष्णतारोधक टोपी असते, ती पिनेपेक्षा जाड असेल तर भोक तिच्या मापाचं करावं लागेल. सगळीकडून नुकसानच.

उचलून निघणाऱ्या जाळीत पण फटी असतातच, पण ती पूर्ण सुटी होते, खालचा भाग उघडा पडतो आणि पुसता येतो. जाळीची कड हीटरपासून लांब, मुठीच्या बाजूला आणा म्हणजे ब्रश पूर्ण गार व्हायच्या आत ती धरून उचलता येईल. पकडीसाठी लोहचुंबकाचा मोह होईल, पण साधं निओडिमियम चुंबक ८० अंशाच्या वर जोर गमावायला लागतं. समॅरियम कोबाल्टचं चुंबक गरमीला टिकतं पण महाग पडतं, मी तर साधी खटका क्लिपच लावेन. जाळी नायलॉनची करणार असाल तर नायलॉन ६ साधारण २२० अंशाला वितळतं आणि त्याच्या बऱ्याच आधी मऊ पडतं हे लक्षात ठेवा. पीपीएस (जास्त उष्णता सोसणारं प्लास्टिक) किंवा उष्णता सोसणारं सिलिकॉन बघा. सिलिकॉनला धूळ आणि तंतू पटकन चिकटतात, पण जाळी सुटी असल्यामुळे ती खुशाल साबणाने धुता येईल, तिच्यात करंटचं काही नाही. पाणी वापरायचं तर ते इथे वापरा.

प्रश्न : माझ्या ब्रशच्या पिना तपकिरी झाल्यात आणि केस ओढले जातात. नेलपॉलिश रिमूव्हरने पुसू का? की खायचा सोडा लावून घासू?

दोन्ही नको. रिमूव्हरमध्ये बहुतेक वेळा ॲसिटोन असतं आणि ते एबीएस प्लास्टिक विरघळवतं, बॉडी पांढरी आणि चिकट होईल. सोड्याने घासलं तर पिनांवरच्या कोटिंगवर बारीक ओरखडे पडतात आणि पुढचा चिकटा त्या ओरखड्यांत आणखी घट्ट बसतो.

तो तपकिरी थर म्हणजे कढईच्या बाहेरच्या बाजूला तेलाचा जो राप बसतो ना तसाच प्रकार आहे, तेलाचे रेणू उष्णतेने एकमेकांत गुंतून कडक होतात. प्लग काढा, ब्रश पूर्ण गार होऊ द्या, आधी केस काढून टाका, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित ओला केलेला कापूस किंवा जुना मऊ टूथब्रश घेऊन पिना एक एक करून पुसा. ओला म्हणजे थेंब गळणारा नाही. हे अल्कोहोल पटकन पेट घेतं, म्हणून गरम ब्रशला कधीही नाही, आणि पुसल्यावर ते पूर्ण उडून जाईपर्यंत प्लग लावायचा नाही. एका वेळी नाही निघालं तर दोन-तीन दिवस थोडं थोडं करा. कोटिंगच उडालं असेल आणि खालचा धातू दिसत असेल तर मात्र केस ओढले जाणं पुसून थांबणार नाही, तो ब्रश बदला.

आणि सीरम किंवा स्प्रे लावून लगेच गरम ब्रश फिरवत असाल तर आधी तो वाळू द्या, चिकटा जमायचा वेग लगेच कमी होईल.

प्रश्न : आम्ही तिघींनी मिळून ब्रशचं मॉडेल बनवलंय. 'साफ करायला सोपा' हे परीक्षकांना सिद्ध कसं करून दाखवायचं? नुसतं सोपा आहे म्हटलं तर कोणी ऐकत नाही.

ऐकूही नये, तुमच्याकडे आकडे हवेत. आधी ठरावीक मळ तयार करा. थोडं तेल, थोडं सीरम, हेअरस्प्रे आणि कापसाचे तंतू, प्रमाण लिहून ठेवा आणि दर वेळी तेच वापरा. तो पिनांवर लावा, ब्रश सगळ्यात वरच्या तापमानाला अर्धा तास चालवा, गार करा, परत लावा, असं पाच-सहा वेळा. हे खिडकी उघडून करा, धूर होईल. मग गळलेले खरे केस, पण लांब, निदान २०-३० सेंटिमीटरचे. पार्लरमधली बारीक कापलेली टोकं घेतलीत तर ती गुंडाळलीच जात नाहीत आणि तुमचा ब्रश फुकटात पास होतो.

०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर ब्रशचं मळ लावायच्या आधी, लावल्यावर आणि साफ केल्यावर असं तीन वेळा वजन करा. काट्याची मर्यादा कमी असेल तर ब्रशचा फक्त पिनांचा भाग सुटा करून त्याचं वजन करा. बाजारातल्या एका साध्या ब्रशवर पण अगदी हेच करा, तुलना नसेल तर आकड्याला अर्थ नाही. तेलात थोडी फ्लुओरोसंट पावडर मिसळलीत तर साफ केल्यावर अंधारात यूव्ही टॉर्च मारून नेमकं कुठे राहिलं ते दिसतं, माझा अंदाज पिनांच्या बुडाशी.

पण खरी परीक्षा माणसांची. ज्यांनी तुमचा ब्रश कधी पाहिला नाही त्यांच्या हातात द्या, एक शब्दही सांगू नका आणि फक्त बघा. कोणी नखाने उकरेल, कोणी फणीच्या शेपटाने, तुमच्या ब्रशला वर सांगितली तशी सुटी जाळी असेल तर ती निघते हे लक्षातच न आल्यामुळे कोणी वरून केस उपटत बसेल. त्यांना जाळीची कड सापडायला किती सेकंद लागले ते लिहा. 'अहो ती बाजू उचला ना' असं तोंडावर येईल, तेव्हा ओठ घट्ट मिटून घ्या, कारण ग्राहकाच्या घरी तुम्ही नसणार. आणि हे सगळं झाल्यावर तोच ब्रश दोन-तीनशे वेळा पुसा आणि मग पुन्हा पहिल्यापासून टेस्ट घ्या, कोरं कोटिंग तर कुठलंही साफ होतं.

प्रश्न : माझा गरम हवेचा गोल ब्रश चालता चालता मध्येच बंद पडतो, थोड्या वेळाने आपोआप चालू होतो. जळका वासही येतो. बिघडलाय का?

बहुतेक हवेची वाट तुंबलीये. मुठीच्या शेवटी जिथून तो हवा आत ओढतो तिथली जाळी बघा, तंतू आणि केसांचा राखाडी थर बसलेला असेल. हवा कमी आली की हीटरची उष्णता वाहून जात नाही, आतला थर्मोस्टॅट करंट तोडतो आणि गार झाला की परत जोडतो. वास त्या आत गेलेल्या तंतूंचा. प्लग काढून, गार झाल्यावर जाळी कोरड्या ब्रशने बाहेरच्या बाजूला झाडा, फुंकर मारून आत ढकलू नका. जाळी फिरवून निघत असेल तर काढून धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा. जाळी साफ करूनही वास आला किंवा वायरीजवळ मूठ गरम लागली तर मात्र तो पुन्हा लावू नका, दुरुस्तीवाल्याला उघडून बघू द्या.